रुंदीचा भास आणि मिळवणीची कसोटी : ‘पेट साउंड्स’च्या तीन पाठांच्या निमित्ताने

बीजसंज्ञा : स्टिरिओ, मोनो, कलांतर, पाठभेद, प्रक्षेप

प्रास्ताविक

संगीतविषयक मराठी लेखनात गायक, घराणे, बंदिश आणि संगीतकार यांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. ध्वनिमुद्रिका ही स्वतंत्र संहिता मानून तिच्या पाठभेदांचा विचार मात्र त्या मानाने विरळ आढळतो. एखाद्या ग्रंथाविषयी लिहिताना आपण कोणती आवृत्ती वापरली हे नमूद करणे अभ्यासकाला बंधनकारक वाटते. एखाद्या गीताविषयी लिहिताना मात्र त्याचा कोणता पाठ आणि कोणत्या साधनावर ऐकला, हे सांगण्याची गरज आपल्याला भासत नाही. ही उणीव किरकोळ नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत बनण्यास एक घरचाच प्रसंग कारणीभूत झाला.

महाविद्यालयाच्या एका समारंभात विद्यार्थ्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केलेले स्वागतगीत लॅपटॉपवरून वाजविण्यात आले. गीत यमनच्या अंगाने बांधलेले होते. प्रमुख पाहुणे स्थानापन्न झाले, गीत सुरू झाले आणि सभागृहात गाणारीचा आवाजच नव्हता. दूरवरच्या विहिरीतून यावा तसा तिचा प्रतिध्वनी तेवढा येत होता आणि पेटीचे सूर विचित्र पोकळ वाजत होते. विद्यार्थी हसले, गाणारी मुलगी रडवेली झाली. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या गृहस्थांनी दुसरी वायर जोडल्यावर आवाज परत आला. ‘सर, वायर चुकली होती,’ एवढेच स्पष्टीकरण त्यांनी दिले आणि ते बरोबरच होते. काही दिवसांनी तेच गीत एका सहकाऱ्यांच्या साध्या भ्रमणध्वनीवर, त्याच्या एकुलत्या एका स्पीकरमधून ऐकले. या वेळी गायिकेचा आवाज ठणठणीत होता. पेटीचा गंधार मात्र जागेवर नव्हता. हेडफोनवर ऐकता दोन्ही गोष्टी सुस्थितीत होत्या. म्हणजे एकाच गीताचे तीन पाठ माझ्यासमोर होते आणि यांपैकी ‘खरा’ कोणता, हा प्रश्न एम. फिल.च्या लघुप्रबंधासाठी पोथ्यांचे पाठभेद जुळविणाऱ्या माणसाला सोडून देता येण्यासारखा नव्हता.

बेरीज आणि वजाबाकी

स्टिरिओ ध्वनी म्हणजे डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र प्रवाह, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १४ डिसेंबर १९३१ रोजी ज्या एकस्वासाठी अर्ज केला (ब्रिटिश एकस्व क्रमांक ३९४३२५) त्यातच या विषयाचा खरा गाभा आलेला आहे. डावा आणि उजवा यांची बेरीज हा एक प्रवाह, त्यांची वजाबाकी हा दुसरा, आणि या दोहोंवरून मूळ दोन्ही प्रवाह पुन्हा मिळविता येतात. बेरजेत दोन्हीकडे समान असलेले सर्व येते, तर वजाबाकीत केवळ भेद उरतो. रुंदी म्हणून कानाला जे जाणवते ते बव्हंशी या भेदातून निर्माण होते. ब्लुमलाइनने ‘शफलर’ नावाचे जे मंडल योजले होते, ते या बेरीज-वजाबाकीवर स्वतंत्रपणे संस्कार करणारे होते. रुंदी वाढविण्याचे आजचे कोणतेही साधन उघडले तर आत बहुधा हेच तत्त्व सापडते. (ब्लुमलाइन १९४२ मध्ये रडारच्या चाचणीच्या वेळी विमान अपघातात वयाच्या ३८ व्या वर्षी मरण पावला. आपल्या कल्पनेची बाजारात आलेली तबकडी त्याने पाहिली नाही.)

पुढे हेच तत्त्व दोन ठिकाणी रूढ झाले. १९५७–५८ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकडीच्या खाचेत सुईची आडवी हालचाल ही बेरीज आणि उभी हालचाल ही वजाबाकी असते. अमेरिकेत १९६१ मध्ये मान्य झालेल्या स्टिरिओ एफ. एम. प्रक्षेपणातही बेरीज मुख्य स्थानी पाठविली जाते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर स्वतंत्रपणे जाते. साधा रेडिओ बेरीज तेवढी घेतो. तेव्हा मोनो ही स्टिरिओपूर्व काळातील मागास अवस्था नसून स्टिरिओच्या रचनेतच जपलेला तिचा कणा आहे. एका स्पीकरवर ऐकणाऱ्या श्रोत्याशी केलेला तो करार होता, असेही म्हणता येईल. आज तबकडी आणि ट्रान्झिस्टर मागे पडले. पण भ्रमणध्वनीचा तळाशी असलेला स्पीकर, लहान ब्लूटूथ स्पीकर, दुकानांच्या छतातील भोंगे आणि आमच्या सभागृहाची यंत्रणा यांमुळे त्या श्रोत्यांची संख्या घटली आहे असे समजण्यास जागा नाही.

सभागृहातील घटनेचा उलगडा येथेच होतो. हेडफोनच्या छिद्रातून निघालेल्या वायरीच्या एका तारेवर डावा व दुसरीवर उजवा प्रवाह असतो. मिक्सरचे ‘बॅलन्स्ड’ छिद्र मात्र दोन तारांवर एकच संदेश, एकीवर सुलट व दुसरीवर उलट, येईल अशी अपेक्षा धरते आणि त्यांची वजाबाकी करते. दोन्ही तारांनी वाटेत सारखीच ओढून घेतलेली विजेची घरघर त्यामुळे कटते. आमच्या गीतात गायिकेचा आवाज दोन्हीकडे समान, म्हणजे मधोमध होता. यंत्राने त्यालाच घरघर समजून कापून टाकले आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळा असलेला प्रतिध्वनी तेवढा शिल्लक ठेवला.

गंधार कोठे गेला?

भ्रमणध्वनीवरील गोष्ट याच्या नेमकी उलट आहे आणि ती अधिक शोचनीय आहे, कारण तेथे वायर चुकलेली नव्हती. ज्या विद्यार्थ्याने मिश्रण केले त्याला विचारता त्याने मोकळेपणाने सांगितले की, पेटी ‘मोठी’ वाटावी म्हणून त्याने तिचेच मुद्रण दोनदा वापरले. एक प्रत पूर्ण डावीकडे, तीच प्रत १० मिलिसेकंद उशिराने पूर्ण उजवीकडे. या युक्तीला ध्वनिमुद्रक हेल्मुट हास या जर्मन संशोधकाचे नाव देतात. वस्तुतः हासचा १९४९ चा ग्योटिंगेन येथील प्रबंध एकट्या प्रतिध्वनीचा बोलणे ऐकण्यावर काय परिणाम होतो, याविषयीचा होता. सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा ध्वनी कान वेगळा धरीत नाही आणि दिशा पहिल्या ध्वनीवरून ठरवितो, हा त्याचा निष्कर्ष. सभागृहातील भाषण स्पष्ट ऐकू यावे या चिंतेतून निघालेल्या संशोधनाचा उपयोग सभागृहात गोंधळ उडविणाऱ्या युक्तीसाठी व्हावा, हा दैवदुर्विलासच.

या युक्तीत दोष कोठे आहे? तरंगाची कला, म्हणजे त्याच्या आवर्तनातील त्या क्षणाची अवस्था, दोन प्रतींत वेगळी होते. ध्वनिमुद्रकांच्या बोलीत यालाच फेज म्हणतात. दोन प्रती वेगवेगळ्या कानांत जातात तोवर हे कलांतर रुंदी म्हणून भासते. त्या एकाच स्पीकरमध्ये मिसळताच काही वारंवारता परस्परांना बळ देतात व काही परस्परांना मारतात. अंतर १ मिलिसेकंदाचे असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ याप्रमाणे खड्डे पडतात. १० मिलिसेकंदांचे असेल तर ५०, १५०, २५० असे दर शंभर हर्ट्झला. आलेख काढला तर तो फणीच्या दातांसारखा दिसतो.

आता सोयीसाठी षड्ज २०० हर्ट्झचा धरू. पांढरी पाचच्या तो अगदी जवळ आहे. षड्जाचे स्वयंभू स्वर २००, ४००, ६०० असे जातात. ते सर्व फणीच्या शिखरांवर पडतात आणि दुणावतात. पंचम ३०० चा. त्याचीही हीच सुस्थिती. शुद्ध गंधार मात्र षड्जाच्या सव्वापट, म्हणजे २५० हर्ट्झवर येतो आणि नेमका खड्ड्यात पडतो. त्याचा तिसरा स्वयंभू ७५०, पाचवा १२५०, हेही खड्ड्यातच. उरतात ती ५००, १००० ही सम स्थाने, आणि गंधार एक सप्तक वर उडाल्यासारखा, पातळ होऊन ऐकू येतो. पेटीच्या जुळणीमुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील. परिणाम तोच राहील. यमनचा वादी स्वर गंधार आहे. ज्या स्वरावर राग उभा, तोच पेटी मोठी करण्याच्या नादात गेला, आणि षड्ज-पंचम दुप्पट झाल्यामुळे काही बिघडले आहे हेही चटकन लक्षात येत नाही. सभागृहात वजाबाकी झाली होती, त्यामुळे तेथे षड्ज-पंचम गळाले असणार आणि गंधार तेवढा घुमत राहिला असणार. पेटी पोकळ का वाजत होती, ते यावरून कळते.

कलांतराच्या दोषाला ‘तांत्रिक बाब’ म्हणून समीक्षेच्या बाहेर ठेवण्याची जी प्रथा आहे, ती या उदाहरणापुढे टिकत नाही. वादी स्वर नाहीसा होणे ही तांत्रिक बाब असेल तर रागाचा विचारही तांत्रिकच म्हणावा लागेल.

‘पेट साउंड्स’ : एक मूळ, एक प्रक्षेप, एक भाष्य

घरगुती उदाहरणावरून एका मान्यताप्राप्त कृतीकडे वळणे आता शक्य होईल. ‘द बीच बॉइज’ या अमेरिकन गटाची ‘पेट साउंड्स’ ही तबकडी १६ मे १९६६ रोजी कॅपिटॉल कंपनीने प्रकाशित केली. तिचा कर्ता ब्रायन विल्सन (१९४२–२०२५) याने तिचे अंतिम मिश्रण मोनोत केले. त्याला उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नसे. या वस्तुस्थितीवरून ‘त्याला स्टिरिओ कळतच नव्हता म्हणून त्याने मोनो केला’ असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो मला मान्य होत नाही. हॉलिवूडमधील वेस्टर्न आणि गोल्ड स्टार यांसारख्या स्टुडिओंत तो एका वेळी अनेक वादकांना एकत्र बसवून मुद्रण करी. अनेक गीतांत हे वाद्यमुद्रण एका पट्टीवर मोनोत उतरवून त्याच्यावर आठपदरी यंत्रावर कंठस्वरांचे थर चढविले गेले. दोन भिन्न वाद्ये एकाच स्वरावलीवर वाजवून त्यांतून तिसराच वर्ण निर्माण करणे, ही त्याची रचनापद्धती होती. ‘वुडन्ट इट बी नाइस’मध्ये दोन अकॉर्डियन आहेत (आपल्या पेटीच्याच कुळातले हे वाद्य), ती दोन आहेत हे मोनोत ऐकू येत नाही आणि येऊ नये हीच योजना आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर हा समास आहे. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाने, श्रोत्याच्या घरी स्पीकर कसेही मांडलेले असोत, बिघडणार नाही असे मिश्रण केले, असाही त्याचा अर्थ लावता येतो.

तथापि कॅपिटॉलच्या दुकानी मांडणीत केवळ मोनो तबकडी चालणार नव्हती. स्टिरिओची किंमत अधिक होती, ग्राहकांना नवे यंत्र घरी आणल्याचे समाधान हवे होते. कंपनीने १९६१ पासून ‘ड्युओफोनिक’ नावाची प्रक्रिया वापरात आणली होती, ती याही तबकडीला लावण्यात आली. मोनो प्रतीचा क्रमांक टी २४५८, ड्युओफोनिक प्रतीचा डीटी २४५८. पोथीच्या मुखपृष्ठावर एक अक्षर वाढले आणि आत पाठ बदलला. प्रक्रिया अशी की, एकाच मोनो मुद्रणाच्या दोन प्रती करावयाच्या, एकीतील खालचे स्वर कमी करावयाचे, दुसरीतील वरचे, आणि दोहोंत किंचित कालांतर ठेवावयाचे. आमच्या विद्यार्थ्याने केले ते याहून फार वेगळे नव्हते. तो निदान एका पेटीपुरता थांबला होता.

हा पाठ ऐकताना पहिल्या काही क्षणांत खोली मोठी झाल्यासारखी वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. लवकरच असे ध्यानात येते की, कोणतेही वाद्य कोठेही नाही. झांजेची किणकिण एकीकडे ओढली जाते, खर्ज दुसरीकडे, आणि एकाच वाद्याचे वरचे व खालचे अंग परस्परांपासून तुटते. मग ही तबकडी मोनो यंत्रावर लावली की कालांतराचे खड्डे पडतात आणि मूळ मोनोही हाती लागत नाही. प्रक्षेपाचे लक्षण हेच होय. ज्ञानेश्वरीत काळाच्या ओघात शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण अभिमानाने शिकवितो. कॅपिटॉलने येथे कर्त्याच्या हयातीत, त्याच्या तबकडीच्या जन्मदिवशीच अपपाठ बाजारात आणला. १९९० च्या दशकात आपल्याकडे जुन्या हिंदी चित्रपटगीतांवर ‘झंकार’च्या नावाखाली जे ठोके आणि प्रतिध्वनी चढविले गेले, त्यांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. त्यात आणि यात फरक इतकाच की, झंकार चढविला आहे हे बहिऱ्यालाही कळे.

तिसरा पाठ १९९७ मधील ‘द पेट साउंड्स सेशन्स’ या संचातील. मार्क लिनेट यांनी वाद्यांच्या मूळ पट्ट्या आणि कंठस्वरांच्या आठपदरी पट्ट्या अंकीय तंत्राने जुळवून या कृतीचा पहिला खरा स्टिरिओ सिद्ध केला. यात रुंदी आहे ती वेगवेगळ्या वाद्यांना वेगवेगळ्या जागा दिल्यामुळे. एका ध्वनीच्या दोन प्रती भांडत ठेवल्यामुळे नव्हे. त्यामुळे बेरीज केली तरी काही मरत नाही. मोनोचे कैवारी या पाठाला भ्रष्ट म्हणतात, तेही मला अन्यायाचे वाटते. हा समासाचा विग्रह आहे. विग्रहाने अर्थ उलगडतो, अभ्यासकाची सोय होते. मात्र ‘नीलकंठ’ या शब्दाच्या जागी कोणी ‘निळा आहे कंठ ज्याचा तो’ असे ओवीत लिहीत नाही. शिवाय हा विग्रहही निर्दोष नव्हता. ‘वुडन्ट इट बी नाइस’च्या मधल्या कडव्यातील माइक लव्ह यांचा आवाज त्या वेळी पट्ट्यांवर सापडला नाही आणि १९९७ च्या पाठात तेथे ब्रायन विल्सनचाच आवाज येतो. ज्या समीक्षकाने फक्त हा पाठ ऐकून ‘संपूर्ण गीत एकाच व्यक्तीचे मनोगत आहे’ असे लिहिले, तो १९६६ च्या गीताविषयी बोलत नाही, इतके निश्चित.

प्रामाणिक रुंदी

मिळवणीच्या कसोटीवर सर्व कृत्रिम रुंदी अप्रामाणिक ठरते, असा मात्र याचा अर्थ नाही. डॅनिश नभोवाणीतील होल्गर लॉरिडसेन यांनी १९५० च्या दशकात सुचविलेला उपाय या दृष्टीने फारच सुंदर आहे. उशिराची प्रत एका वाहिनीत मिळवावयाची आणि तीच प्रत दुसरीत वजा करावयाची. डावीकडे फणीचा जेथे दात तेथे उजवीकडे खाच येते, दोन्ही कानांना भिन्न वर्ण मिळून ध्वनी पसरतो. आणि दोन्ही वाहिन्या मिळविताच उशिराची प्रत स्वतःलाच छेदून मूळ ध्वनी अविकृत परत येतो. ऋण चुकते करून निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखे हे तंत्र आहे. बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनीही १९५८ मध्ये एका प्रवाहातून कृत्रिम स्टिरिओ निर्माण करण्याविषयी लिहिले. म्हणजे कॅपिटॉलने ड्युओफोनिक काढले तेव्हा याहून सभ्य मार्ग ज्ञात होता.

दुसरा मार्ग अधिक जुना आणि अधिक कष्टाचा : तोच भाग पुन्हा गावयाचा किंवा वाजवावयाचा आणि दोन वादने दोन बाजूंना ठेवावयाची. माणूस एकच जागा दोनदा तंतोतंत सारखी घेत नाही. त्या सूक्ष्म, सतत बदलत्या भेदांमुळे ठरावीक वारंवारतेवर ठरावीक खड्डा पडत नाही. येथे एक हिशेब लक्षात घ्यावा लागतो. दोन्हीकडे समान असलेला ध्वनी बेरजेत ६ डेसिबलने वाढतो, परस्परांशी संबंध नसलेले दोन ध्वनी ३ डेसिबलनेच. तेव्हा प्रामाणिक रुंदीसुद्धा मोनोत मधल्या आवाजाच्या मानाने थोडी मागे सरते. मागे सरणे आणि नाहीसे होणे यांतील भेद हाच मिश्रणकाराच्या विवेकाचा विषय होय. खर्जाच्या बाबतीत तर तबकडी कोरणाऱ्यांनी हा विवेक सक्तीचाच केला होता. खालच्या स्वरांत कलांतर मोठे असेल तर खाच उभी खोल-उथळ होऊन सुई उडे, म्हणून कोरण्यापूर्वीच खर्ज मोनो करण्यात येई. ती सक्ती आता कोणावर नाही. सहसंबंध दाखविणारा काटा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो ऋण बाजूला कलंडत असताना त्याकडे दुर्लक्ष करण्याचे स्वातंत्र्यही त्याबरोबर मिळाले आहे.

एक आक्षेप येथे संभवतो आणि तो रास्त आहे. जी कृती अवकाशासाठीच रचलेली आहे, जिच्यात ध्वनी डावीकडून उजवीकडे जाणे हाच आशय आहे, तिला मोनोची कसोटी लावणे म्हणजे चित्राला स्पर्शाने जोखणे नव्हे काय? अशा कृतींना ही कसोटी लागू नाही, हे मान्य करतो. मात्र कर्त्याने अवकाश हा आशय म्हणून निवडला असला पाहिजे. पेटी ‘मोठी’ वाटावी एवढ्याच हेतूने घेतलेल्या रुंदीला हा बचाव उपलब्ध नाही, आणि बहुसंख्य गीतांत रुंदी घेतली जाते ती याच हेतूने.

आमच्या विद्यार्थ्याला हे सर्व सांगितल्यावर त्याने प्रथम मिक्सरमधील उशीर १० मिलिसेकंदांहून किंचित वाढवून पाहिला. गंधार बराच परत आला. पण खड्डे सरकले तेव्हा इतर स्वर अशक्त झाले. त्यानंतर त्याने पेटी आणून तीच साथ पुन्हा वाजविली आणि जुन्या प्रतीच्या जागी उजवीकडे ती ठेवली. एका स्पीकरवर आता गंधार जागेवर येतो. नव्या वादनात दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याचा निषाद किंचित उशिरा पडला आहे. तो दुरुस्त करू का, असे त्याने विचारले होते. राहू दे, असे मी सांगितले.